पेन्टेकॉस्टनंतरचा सोमवार

येत्या रविवारी पेन्टेकॉस्ट. वसईच्या चर्चमध्ये धर्मगुरू तांबडी वस्त्रे घालतील, नगर-सोलापूरकडच्या मंडळ्यांत प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय वाचला जाईल. अनेक ठिकाणी नोव्हेना आणि रात्रीच्या प्रार्थना आधीच सुरू झाल्या आहेत. ख्रिस्तसभेचा वाढदिवस म्हणून आपण हा सण साजरा करतो आणि तसा तो आहेच. पण या वेळी आम्हाला बोलायचे आहे ते त्या रविवारनंतरच्या सोमवारविषयी. सोमवारी तांबडी वस्त्रे कपाटात जातात, कॅथलिक उपासनेत सामान्य काळ पुन्हा सुरू होतो आणि माणसे आपापल्या कामाला लागतात. मृग तोंडावर आलेला असतो. बियाण्याची उधारी बघायची असते, मुलांच्या प्रवेशाची फी भरायची असते, विरारहून सुटणारी गाडी गाठायची असते, घरातल्या आजाऱ्याची औषधे संपत आलेली असतात. रविवारी ज्या सामर्थ्यासाठी आपण गुडघे टेकतो, ते सोमवारी कुठे असते? आमच्या मते शिष्यत्वाची सगळी परीक्षा या एका प्रश्नात आहे.

पेन्टेकॉस्ट हा मुळात पिकाचा सण. वल्हांडणानंतर पन्नास दिवसांनी, गव्हाची कापणी होत असताना, यहुदी लोक यरुशलेमात जमत. नव्या गव्हाच्या पिठाच्या, खमीर घातलेल्या दोन भाकरी देवापुढे ठेवाव्यात, असा लेवीयच्या पुस्तकातला नियम आहे. त्या गर्दीच्या दिवसांत येशूचे सुमारे 120 अनुयायी एकत्र होते. पुढचे आपल्याला पाठ आहे: वाऱ्याचा घोंघावणारा नाद, अग्नीच्या जिभा, पार्थियापासून रोमपर्यंतच्या यात्रेकरूंना आपापल्या बोलीत ऐकू आलेले शब्द, पेत्राचे भाषण आणि त्या एका दिवशी झालेले सुमारे 3000 बाप्तिस्मे. आपल्या व्याख्यानांत आणि चित्रांत पेन्टेकॉस्ट बहुधा इथेच संपतो.

प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकने मात्र तिथे लेखणी थांबवली नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी तो सांगतो की ही माणसे रोज घरोघरी भाकर मोडू लागली आणि गरजवंतांसाठी आपली मालमत्ता विकू लागली. मग सहाव्या अध्यायात एक अगदी घरगुती तंटा येतो. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर सुरू झाली. नव्या कोऱ्या मंडळीत, आत्म्याचा वर्षाव होऊन फार काळ लोटला नसताना, भाषेवरून आपपरभाव! लूकने तो झाकला नाही, ही त्याची थोरवी. प्रेषितांनी सगळ्यांना बोलावले आणि सात माणसे निवडायला सांगितले. ती नावाजलेली असावीत, पवित्र आत्म्याने आणि शहाणपणाने भरलेली असावीत, अशी अट घातली. आणि काम कोणते? विधवांना अन्न पुरवायचे, कुणाला मिळाले, कोण राहिले ते बघायचे. निवडलेल्या सातांची नावे स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती कोठार सोपवले असावे.

हा प्रसंग आपण फारसा मनावर घेत नाही. आत्म्याने भरलेला माणूस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे व्यासपीठ येते, माइक येतो, हात उंचावलेला समुदाय येतो. वाटपासाठी, दफनविधीच्या तयारीसाठी, हिशेबाच्या वहीसाठी आपण असा माणूस शोधतो ज्याला वेळ आहे किंवा ज्याच्याकडे गाडी आहे. प्रेषितांनी भाकरी वाटणाऱ्यांसाठी आत्म्याची अट घातली, कारण भुकेल्या बाईच्या पुढ्यात पक्षपात न करता उभे राहायला वक्तृत्वाहून मोठे बळ लागते, हे त्यांनी ओळखले होते. जुन्या करारातही तेच दिसते. देवाच्या आत्म्याने भरला गेला असे ज्याच्याविषयी निर्गमात स्पष्ट लिहिले आहे तो बसालेल हा कारागीर होता. सोने, चांदी, पितळ, लाकूड आणि पैलू पाडायचे दगड, हे त्याचे क्षेत्र.

दुसरी गोष्ट पेत्राची. कयफाच्या अंगणात एका दासीने ओळखताच घाबरून नाकबूल झालेला हा कोळी पेन्टेकॉस्टच्या दिवशी सगळ्या यरुशलेमपुढे उभा राहिला. इथवर आपण अभिमानाने सांगतो. पुढचे सांगायला बिचकतो. काही वर्षांनी अंत्युखियात हाच पेत्र बिगर-यहुदी बांधवांच्या पंगतीला बसत असे, पण यरुशलेमहून काही कडवे लोक आले आणि तो पंगतीतून हळूच मागे सरला. पौलाला त्याला सगळ्यांदेखत खडसवावे लागले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे सारे आहे. अग्नीच्या जिभा ज्याच्या मस्तकावर उतरल्या, तोच माणूस लोक काय म्हणतील या भीतीने जेवणाच्या ताटावरून उठला! यातून पेत्र लहान ठरत नाही. यातून एवढेच कळते की आत्म्याचे सामर्थ्य एकदा मिळाले आणि आयुष्यभर पुरले, असे होत नाही. रानात इस्राएल लोकांना मिळालेला मान्ना दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला की त्यात किडे पडत. कधी काळी एखाद्या संजीवन सभेत आपण रडलो, आपले जीवन प्रभूला दिले, ते खरेच होते. आजचा राग आवरायला मात्र आजचीच कृपा मागावी लागते.

आपल्या मातीत याचे सर्वांत मोठे उदाहरण पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावात आहे. पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचकांना नवे नाही, तरी त्यातला सामर्थ्याचा धागा आपण नीट पाहिलेला नाही. 1858 साली जन्मलेल्या या मुलीने ऐन तारुण्यात दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गमावली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. पदरी तान्ही मनोरमा. वैद्यक शिकायला इंग्लंडला गेल्या, तर कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. 1883 मध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, ते पुढे पुण्याला आले. ख्रिस्ती झाल्यामुळे स्वकीय दुरावले आणि आपल्या बुद्धीने प्रश्न विचारीत राहिल्यामुळे मिशनऱ्यांपैकीही अनेकांना त्या अवघड वाटल्या. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या, तेव्हा पुण्यात प्लेगचे दिवस होते. शहरात एवढ्या जणींना ठेवणे शक्य नव्हते, म्हणून केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या सुमाराला तिथे जवळजवळ 2000 जणी राहत होत्या. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, तेलाचा घाणा फिरला, छापखाना उभा राहिला, अंध मुलींना ब्रेल शिकवले गेले. अमेरिकेतल्या एका संस्थेने दिलेले दहा वर्षांच्या मदतीचे वचन 1898 मध्ये संपले होते. पुढचा खर्च कसा चालणार याला रमाबाईंजवळ देवावरच्या भरवशाखेरीज उत्तर नव्हते.

1905 च्या आरंभी रमाबाईंनी सुमारे 70 जणींना घेऊन रोज सकाळची प्रार्थना सुरू केली. विनंती काय होती हे त्यांनीच पुढे नोंदवले आहे: साऱ्या भारतीय ख्रिस्ती लोकांचे खरे परिवर्तन व्हावे, आणि त्यात आपणही आलो. आश्रमाची संस्थापिका, हजारोंची आई, बायबलची अभ्यासक, आणि ती स्वतःचे नाव गरजवंतांच्या यादीत घालते. सहा महिने हे रोज चालले. जूनच्या अखेरीस मुक्तीत जे घडले त्याचे वर्णन पुढे जगभर पोचले. मुली मोठ्याने रडल्या, पापे कबूल करू लागल्या, एकाच वेळी शेकडो कंठांतून प्रार्थना उमटू लागली. काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना तो गोंधळ वाटला. रमाबाईंनी त्या मुलींची बाजू घेतली. भारतीय बायकांनी देवाला आपल्या पद्धतीने हाक मारली तर तिला आवर घालण्याचे काम आपले नाही, अशी त्यांची भूमिका होती. आम्हाला ती पटते. अश्रूंना आणि आवाजाला नाक मुरडणारी सुशिक्षित ख्रिस्ती मंडळी आपल्यात बरीच आहेत. त्यांनी हे पान पुन्हा वाचावे.

पण त्या रात्रींइतकेच महत्त्व आम्ही नंतरच्या वर्षांना देतो. त्या मुली टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत गेल्या. शेती, माग आणि छापखान्याची चाके थांबून चालणार नव्हते, ती फिरत राहिली. आणि रमाबाई जवळपास त्याच काळात एका कामाला भिडल्या, जे त्यांच्या आयुष्याच्या शेवटापर्यंत पुरले: मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साऱ्या बायबलचे साध्या मराठीत भाषांतर. अर्धवट बहिऱ्या झालेल्या, थकत चाललेल्या या बाईने दोन्ही भाषा त्यासाठी आत्मसात केल्या. खिळे जुळवायला बसल्या त्या आश्रमातल्याच मुली. यांतल्या कित्येकींना दुष्काळाने हाडांचा सापळा करून केडगावच्या दारात आणून सोडले होते. देवनागरीचे खिळे जुळवणे हे डोळे आणि पाठ मोडणारे काम. रफार, वेलांटी, जोडाक्षरांचे वेगवेगळे तुकडे हुडकायचे, ओळ बांधायची, मुद्रित काढायचे, तपासायचे, चुका काढून पुन्हा जुळवायचे. हजारो ओळींचा ग्रंथ असा उभा राहिला. 1921 च्या जुलैमध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. आईने त्यानंतरही मुद्रिते खाली ठेवली नाहीत. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते आणि 1924 मध्ये ते बायबल संपूर्ण बाहेर आले. 1905 च्या जूनमध्ये आलेला अग्नी खरा होता का, असे कुणी विचारले तर आम्ही त्याला या छापील पानांकडे बोट दाखवू. आपल्या डोळ्यांदेखत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सुबोध बायबल सिद्ध केले, त्यामागेही अशीच वर्षानुवर्षांची बैठक होती.

आज आपल्या मंडळ्यांत दोन टोके दिसतात. एका टोकाला मोठमोठ्या सभा. तिथे सामर्थ्य म्हणजे ताबडतोब बरे होणे, नोकरी लागणे, कर्ज फिटणे, व्हिसा मिळणे. देव आजार बरे करतो यावर आमचा विश्वास आहे आणि आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करणाऱ्यांविषयी आदर आहे. पण विश्वास असेल तर मधुमेहाच्या गोळ्या कशाला, असे व्यासपीठावरून सांगणारा उपदेशक माणसाच्या जिवाशी खेळतो आहे, हे स्पष्ट म्हणायला हवे. पौलाने अनेकांना बरे केले, तरी त्रफिमाला मिलेतात आजारीच ठेवून त्याला पुढे जावे लागले. तीमथ्याला त्याने पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. त्याच्या सोबतचा लूक वैद्य होता. स्वतःच्या देहातला काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली आणि तो निघाला नाही. मिळाली ती पुरेशी कृपा. ज्या शिकवणीत या न निघालेल्या काट्याला जागा नाही, ती आजाऱ्याला आणखी एकटे पाडते. बरे झालो नाही म्हणजे माझाच विश्वास कमी, असे समजून किती माणसे मनातल्या मनात झुरत असतील!

दुसरे टोक आपल्या जुन्या, प्रतिष्ठित मंडळ्यांचे. आपल्याकडे शाळा आहेत, दवाखाने आहेत, शंभर-दीडशे वर्षांच्या इमारती आहेत. घटना, समित्या, निवडणुका, आणि दुर्दैवाने चर्चच्या जमिनींवरून कोर्टकज्जेही आहेत. हे सारे आपण आपल्या हिकमतीवर चालवतो. बैठकीच्या आधी प्रार्थना होते, पण विषयपत्रिकेतला पहिला विषय उरकावा तशी. देवाने काही केले नाही तरी आपले चालेल अशा बेताने सगळे आखलेले असते. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना या संस्थात्मक थंडपणाने अस्वस्थ केले होते. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार हा ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ सुरू केला. दोनच वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. तरीही पगाराच्या आणि पदाच्या आधाराशिवाय ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जगता येते का, हा त्यांनी विचारलेला प्रश्न अजून आपल्या दारात उभा आहे.

आणि जातीचे काय? यरुशलेमात पहिल्या दिवशी आत्म्याने काय केले असेल तर परस्परांची बोली न कळणारी माणसे एका ताटाशी आणली. आपण एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतो आणि सोयरीक जुळवताना बाप्तिस्म्याआधीची, आजोबा-पणजोबांची जात विचारतो. ख्रिस्ती वधूवरांच्या जाहिराती चाळा, खुणा सापडतील. मुक्तीत दुष्काळाने आणलेल्या सगळ्या जातींच्या मुली एका छपराखाली राहिल्या, त्याला सव्वाशे वर्षे होऊन गेली. ज्या मंडळीत आत्म्याचे वरदान म्हणून अन्य भाषांत प्रार्थना होते पण मुलीने दुसऱ्या जातीच्या ख्रिस्ती मुलाचे नाव घेताच घरात सुतक पडते, तिला अंत्युखियाच्या पंगतीतून उठलेल्या पेत्राजवळ बसवावे लागेल. सुदैवाने पेत्र सुधारला.

मग रोजचा भरवसा दिसतो कसा? आमच्या मंडळीत एक सून आहे. सकाळी अंगणवाडीत जाते. घरी सासूबाई अर्धांगवायूने खाटेवर. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दिवसा शेजारची मुलगी बघते, रात्री ही गजर लावून उठते. ओली चादर काढायची, खाली रबराचा तुकडा नीट करायचा, कोमट पाण्याने अंग पुसायचे, पावडर लावायची. म्हातारीची जीभ अजून शाबूत आहे आणि ती गोड नाही. एकदा चर्चच्या ओट्यावर बोलताना ही बाई सहज म्हणाली, ‘‘खोलीत शिरायच्या आधी मी उंबऱ्यावर थांबते आणि प्रभूला म्हणते, आता तू आधी जा, मी मागून येते. नाहीतर माझ्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही.’’ मग तिने असेही सांगितले की काही रात्री ती हे म्हणायला विसरते आणि त्या रात्री भांडण होते. सकाळी ती सासूबाईंची माफी मागते आणि पुन्हा उंबऱ्यापासून सुरुवात करते.

पवित्र आत्म्यावर आम्ही बरेच वाचले आहे. या बाईच्या बोलण्यात जे होते ते त्यात क्वचित सापडले. आपले बळ पुरणार नाही हे तिला ठाऊक आहे, आणि तरी तिने काम टाकलेले नाही. या दोन गोष्टी एकत्र असल्याशिवाय परमेश्वरावर भरवसा ठेवण्याचा अर्थच कळत नाही. जो आपल्या आवाक्यातलेच काम करतो, त्याला सामर्थ्य मागायची गरज पडत नाही. जो काम टाकून नुसता मागत बसतो, त्याला ते मिळाले तरी वापरायला जागा नाही. पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवत होता आणि शब्बाथ दिवशी सभास्थानात बोलत होता. दोन्ही कामे एकाच कृपेवर चालली होती. गलतीकरांच्या पत्रात आत्म्याच्या फळात सहनशीलता, ममता, सौम्यता, इंद्रियदमन ही नावे येतात. चमत्काराचे नाव तिथे नाही. ही सगळी घरात, कचेरीत, गाडीच्या गर्दीत, वाटणीच्या कागदांवर सह्या करताना लागणारी बळे आहेत.

आणखी एक गोष्ट त्या सुनेच्या बाबतीत खटकते आणि ती सांगायलाच हवी. आमच्या मंडळीत दर आठवड्याला प्रार्थनेसाठी तिच्या सासूबाईंचे नाव घेतले जाते. रात्रीच्या पाळीला मात्र वर्षभरात कुणी गेलेले नाही. आत्मा प्रत्येकाला एकेकट्याने दिलेला नाही, तो मंडळीवर उतरला. तिला मिळायचे काही सामर्थ्य तिच्या शेजाऱ्याच्या दोन हातांतून यायचे होते आणि ते हात आले नाहीत. यासाठी तिच्या विश्वासाला बोल लावता येत नाही. तो दोष बाकाबाकांवर बसलेल्या आपल्या सगळ्यांचा आहे.

म्हणून या पेन्टेकॉस्टला आमची पाळक, फादर, सिस्टर आणि सगळ्या मंडळ्यांना एकच विनंती आहे. रविवारची उपासना संपल्यावर चहाच्या आधी दहा मिनिटे बसा. आपल्या गावात, आपल्या वॉर्डात अंथरुणाला खिळलेले कोण आहे आणि त्यांची सेवा एकटे कोण करते आहे, त्यांची नावे लिहा. प्रत्येक घरामागे दोन माणसे ठरवा. ती ठरवताना कुणाला वेळ आहे हे बघू नका. प्रेषितांनी लावलेली अटच लावा, आणि ज्यांची निवड होईल त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करा, जशी त्या सात जणांसाठी झाली होती. सोमवारी रात्री त्यांतले एक जण तरी त्या घरी पोचले पाहिजे.